सिमखालची चिप

गावडेकाकांचा फोन मी अनलॉक केलाच नव्हता. केला असं फक्त सांगितलं होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या सकाळी ते काउंटरवर येऊन उभे राहिले तेव्हा मी हसून विचारलं, "काय काका, अमेरिकेचा पाहुणा काय म्हणतो?"

"पाहुणा मुका झालाय रे विलास," काका म्हणाले. "भाच्याचा कॉल येतो, त्याचं तोंडपण दिसतं. पण काल भाजीवाल्याला फोन लावला तर लागेना. बघ जरा."

मी फोन हातात घेतला. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नो सर्व्हिस’ लिहिलेलं होतं.

बोरीवली पूर्वेला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काका मागच्याच सोसायटीत राहतात. हा फोन त्यांना अमेरिकेतल्या भाच्याने दिला होता. तिकडे कंपन्या फोन हप्त्यावर देतात आणि तो फक्त आपल्याच सिमवर चालेल असा बांधून ठेवतात. त्याला नेटवर्क लॉक म्हणतात. अशा फोनमध्ये आपलं सिम घातलं की तो नाही म्हणतो. वायफाय असेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, व्हिडिओ कॉलही होतात. साधा कॉल मात्र जात नाही आणि येतही नाही. हे कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर असतं, त्यामुळे फोन खोलून काही उपयोग नसतो. ज्याच्या नावावर फोन आहे त्याने अर्ज करायचा आणि कंपनीने तिकडून कुलूप काढायचं, हा एकच सरळ मार्ग.

भाच्याने तो फोन एका रूममेटकडून घेतला होता आणि रूममेट कुठे गेला ते भाच्याला माहीत नव्हतं. मी कंपनीच्या साइटवर अर्ज भरला. ‘पात्र नाही’ असं उत्तर आलं. चॅटवर गेलो. दर वेळी नवा माणूस यायचा, माझा त्रास आपण समजू शकतो असं म्हणायचा आणि शेवटी विचारायचा, अकाउंट होल्डर तुम्हीच का? मी नाही म्हटलं की चॅट संपायचं. एकदा हो म्हणून पाहिलं, तर त्याने पासकोड मागितला.

काका एक दिवसाआड येत. "झालं काय रे?" त्यांच्या जुन्या फोनचा स्पीकर गेला होता, रिंग धड ऐकू यायची नाही. आणि त्यांना रिंग ऐकू येणं गरजेचं होतं. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि दुसरी किडनी मिळावी म्हणून हॉस्पिटलच्या यादीत नाव होतं. मेंदू मृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी किडनी दिली की हॉस्पिटल यादीतल्या लोकांना फोन करतं. लगेच पोचावं लागतं.

"तिकडे ह्योच नंबर दिलाय," काका म्हणाले होते. "दुसरा दिलेला तो लँडलाइनचा, ती तर केव्हाच बंद पडली."

हे सगळं मी ऐकलं होतं. काका, एक साधा फोन घ्या आणि हा ठेवून द्या, एवढंच मी सांगायला हवं होतं. पण या भागात कुठलाही फोन माझ्याकडे आला की चालू होऊनच जातो असं माझं नाव आहे. शिवाय त्यांच्या "झालं काय रे?"चा मला कंटाळा आला होता.

आमच्या धंद्यात याला एक आडवाट आहे. कागदाइतकी पातळ चिप मिळते. ती सिमच्या खाली ट्रेमध्ये बसवायची. ती फोनला फसवते, हे सिम तुझ्याच कंपनीचं आहे असं भासवते. फोन चालू होतो. पण पुढचं अपडेट आलं की फोनला फसवणूक कळते आणि नेटवर्क जातं. म्हणून चिप लावली की गिऱ्हाईकाला बजावून सांगायचं असतं, अपडेट करू नका, रोज नेटवर्क बघत जा. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम अर्धवटच झालंय हेही सांगावं लागलं असतं. मी चिप बसवली, दुकानातून रिंग देऊन दाखवली आणि म्हटलं, "झाला अनलॉक. एकदम झकास." काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

मी ट्रे बाहेर काढला. चिप जिथल्या तिथे होती. फोन आपोआप अपडेट झाला होता. घरात वायफाय, भाच्याचे व्हिडिओ कॉल येतायत, मग काकांना कसं कळणार?

"काढ बाहेर ते सिम. दुसऱ्यात घालून बघ," काका म्हणाले.

मी त्यांचं सिम माझ्याकडच्या साध्या फोनमध्ये घातलं. नेटवर्क आलं आणि अडकून पडलेले मेसेज एकामागून एक येऊ लागले. बहुतेक मिस्ड कॉलचे होते, सगळे एकाच नंबरवरून. मग हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा मेसेज आला. किडनी उपलब्ध आहे. पेशंटला उपाशीपोटी ताबडतोब घेऊन या. आम्ही कॉल करतोय, लागत नाही.

तो मेसेज दोन दिवसांपूर्वीचा होता.

मी तो परत वाचला. तारीख परत बघितली. बाजूच्या फरसाणवाल्याकडे कुणीतरी गाठ्यांबरोबरची मिरची कमी तिखट द्या म्हणून हुज्जत घालत होतं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"काय आलंय?" काकांनी विचारलं.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत सावकाश वाचलं. मग तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची बाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "हो मॅडम. हो. बरोबर आहे तुमचं. थांबणार तरी किती." मग त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"दुसऱ्याला बसवली," ते म्हणाले. "नाव यादीत आहे म्हणाली अजून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच कायतरी भलतं बटण दाबलं असणार रे. मला यातलं काय कळतं? तू एवढं करून दिलं होतंस."

ती खरं सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "होतं काका असं कधी कधी." त्यांचं सिम त्या साध्या फोनमध्येच राहू दिलं आणि तो फोन त्यांच्या खिशात घातला. ते गेले.

काही दिवसांनी त्यांच्या सोसायटीचा वॉचमन चार्जर घ्यायला आला. सहज म्हणाला, "गावडे आजी आजोबांशी बोलतच नाय हल्ली. डायलिसिसला पण एकटीच रिक्षा करून जाते." त्याने चार्जर घेतला आणि गेला. मी हातातला फोन उघडा तसाच ठेवला आणि शटर ओढलं.

ती किडनी काकूंना जुळली असती की नाही, कुणी सांगू शकत नाही. हॉस्पिटल एकाच वेळी बऱ्याच जणांना बोलावतं, रक्त तपासतं, मग ठरवतं. स्वतःची समजूत काढायला हे बरं आहे. पण काकू त्या रांगेत उभ्याच राहू शकल्या नाहीत, ते माझ्यामुळे. आता चिप लावण्याची कामं मी घेत नाही. लॉक फोन आला तर सांगतो, हे माझ्याच्याने होणार नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. जाऊ देतो.

त्या दिवशी शटर ओढून मी थेट काकांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांच्या डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी दोरखंडासारखी फुगलेली होती. काका खिडकीपाशी बसले होते, तो साधा फोन मांडीवर घेऊन.

"विलास? ये," काकू म्हणाल्या. "ह्यांनी परत काय बिघडवलं?"

"काही नाही," मी म्हटलं. मला बसवेना. चपला काढून दारातच उभा राहिलो.

"काका, तुम्ही कुठलंच भलतं बटण दाबलं नव्हतं. तो फोन अनलॉक झालाच नव्हता. मी आत एक चिप लावली होती, ती कधीही बंद पडणार हे मला ठाऊक होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी दुकानातही गप्प राहिलो. काकू, चूक ह्यांची नाही, माझी आहे. मला माफ करा."