कागदाएवढी फट

रात्री चंद्रग्रहण होतं आणि दुर्बीण फिरवणाऱ्या माझ्या माउंटची मोटर अडखळत होती. फोटोत प्रत्येक तारा ओघळलेला यायचा. शेवटी त्याच दिवशी सकाळी मानपाड्याला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी मोटर चालू केली आणि डोळे मिटून माउंटला कान लावला.

“गियर कोणी आवळला?”

“मीच. हलत होता म्हणून रोज थोडा थोडा.”

“घाबरून आवळलाय तुम्ही. दातांत कागदाएवढी फट लागते.”

त्यांनी खरंच गियरच्या दातांत वर्तमानपत्राचा कपटा घातला, स्क्रू बेताने बसवला आणि कपटा ओढून काढला. मोटर एका सुरात फिरू लागली.

मी खिशात बाळगायचो तो आवळायचा पाना मात्र त्यांनी आपल्या खणात टाकला.

“उद्या न्या. आज परत आवळाल.”

घरी पोचेपर्यंत माझा हात तीनदा रिकाम्या खिशात गेला.