मेकॅनिकचं ‘सेट’

अलीगंजमधल्या आमच्या स्कूटर मेकॅनिकला ‘सेट’ हा एकच इंग्रजी शब्द सगळीकडे पुरायचा. ब्रेक लागले की सेट, मुलगी सासरी रुळली की सेट, चहात आलं बेताचं पडलं की तोही सेट. मला याद्या करायची सवय. डायरीत त्याचे अकरा अर्थ टिपले होते.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या हाताला लकवा झाला. तीन महिन्यांनी त्याने दुकान उघडलं, तोवर गिऱ्हाइकं समोरच्या गॅरेजकडे वळली होती. मी ब्रेकचं काम घेऊन गेले. पाना धरताना त्याचा हात थरथरत होता आणि मी बघतेय, हे त्याला कळत होतं.

“हो गया सेट, भैया?”

“अभी कहाँ, दीदी. पहले हम चलाएँगे. हाथ हमारा है, तो गिरें भी हम ही.”

वळणापर्यंत वेगात जाऊन त्याने ब्रेक दाबला. स्कूटर जागच्या जागी थांबली. परत येऊन त्याने किल्ली दिली, तेव्हा कपाळावर घाम होता. विश्वास ठेवा, असं तो एकदाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याचीही स्कूटर त्याच्याकडे नेली.