जिताड्याला माहेरचं पाणी

आमच्या नामाला कुठलीच गोष्ट बेतानं करता येत नाही. चहात साखर घालील ती चमचा उभा राहील इतकी. पेणच्या खाडीकाठी आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून मी हे भोगून सांगतो. वाडवडिलांचं मिठागर बंद पडल्यावर त्यानं टेम्पो घेतला, पण दारचं तळं काही बुजवू दिलं नाही. त्या गोड्या पाण्यात तो जिताडे मासे पाळतो. खाडीतून बोटभर पिल्लू आणायचं, दोन-तीन वर्षं पोसायचं आणि ज्याचा मान मोठा त्याच्या दारी पोचवायचं, ही आम्हा आगऱ्यांची रीत. पेढ्यांवर आमच्याकडे कुणी खूश होत नाही.

यंदा मान विहीणबाईंचा होता. नामाची एकुलती लेक जागृती अलिबागला नर्स आहे, तिचं तळा गावच्या निकेशशी जमलं. निकेशची आई सोनाबाई फोनवर म्हणाली, "पोरगी पसंत हाय. घर बघायला याल तवा जिताडा आणा, पन जिता आणा. बर्फातला मना चालत न्हाय." नामानं शब्द दिला, आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. बायको गेल्यावर ही पोर त्यानं एकट्यानं वाढवली होती. तिच्या सासरी पहिल्याच पावलाला आपला शब्द पडू नये, एवढीच त्याला धास्ती.

निघालो तेव्हा टेम्पोच्या हौद्यात निळं पिंप, पिंपात हातभर लांब जिताडा, पिंपाला धरून नव्या सदऱ्यातला मी आणि जरीच्या साडीतली जागृती. नामा गाडी चालवता चालवता गात होता. त्याला गाता येत नाही.

नागोठण्याच्या अलीकडे जागृतीनं झाकण उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. जिताडा कुशीवर कलंडला होता. तिनं टपावर थापा मारून गाडी थांबवली, पिंपात बोट बुडवून चाटलं आणि थुंकली.

"बाबा, पाणी कुठलं भरलंत?"

"चुलत्याचं मिठागर चालू हाय ना, तिथलं," नामा छाती फुगवून म्हणाला. "बिचारा खाऱ्यात जन्मला, गोड्यात वाढला. मरायच्या आदी एक दिस तरी त्याला माहेरचं पानी नको?"

"मग खाडीचं भरायचं."

"खाडीचं पातळ. हे चांगलं कडक हाय."

मी डोक्याला हात लावला. जागृतीनं मात्र पदर खोचला आणि बापाला तिथंच शिकवणी दिली. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तो पाण्याला आरपार जाऊ देतो, मिठाला सहसा नाही. आणि पाणी नेहमी जिकडे मीठ जास्त तिकडे ओढलं जातं. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांवाटे पिंपात चाललं होतं. कल्ल्यांतल्या पेशी गोड्या पाण्यात मीठ आत ओढतात, खाऱ्यात बाहेर फेकतात. पण आत ओढायचं सोडून बाहेर फेकायला लागायचं, तर त्यांना काही दिवस लागतात. शिवाय हे ढकलणं फुकट होत नाही. पेशी प्राणवायूवर अन्न जाळून त्याचं बळ तयार करते, आणि पिंपातला प्राणवायू संपत आला होता.

"म्हंजे मी त्याला सुकवला?" नामा रडवेला झाला. मला त्याची फार दया आली.

चहाच्या टपरीमागं विहीर होती. अर्धं पिंप ओतून दिलं आणि कळशीकळशीनं गोडं पाणी आणून भरू लागलो. वारा मिसळावा म्हणून जागृती मगानं पाणी उंचावरून ओतत होती. टपरीवरचे दोन ट्रकवाले भजी टाकून मदतीला आले. टपरीवाल्या येसूबाईला कळलं की नवरीच्या सासरी चाललेला मासा आहे, तशी तिनं लग्नात गातात तो धवलाच सुरू केला. मग काय, धवल्याच्या ठेक्यावर सगळे पाणी खळबळवताहेत, माझ्या सदऱ्याचं पोतेरं झालंय, आणि नामा पिंपात डोकं घालून माशाला म्हणतोय, "बाबा, चुकलो." येसूबाईच्या तिसऱ्या कडव्याला जिताड्यानं शेपटी हलवली. चौथ्याला त्यानं नामाच्या थोबाडीत दिली. नामा ओलेत्या तोंडानं नाचला, ट्रकवाले नाचले, आणि लाज सोडून मीही नाचलो.

तळा गावी पोचलो ते भिजलेल्या कोंबड्यांसारखे. सोनाबाई विळी मांडूनच बसली होती. तिनं पिंपात पाहिलं, हसली, मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "व्याही, वाटेत बुडालात का काय?"

नामानं सगळं सांगितलं, स्वतःचा गाढवपणा न लपवता. सांगता सांगता थांबला आणि हात जोडले. "विहीणबाई, मासा कापा न्हायतर ठेवा. एकच मागनं हाय. माझ्या पोरीला एकदम नव्या पान्यात टाकू नका. तिला जरा वेळ द्या."

जागृती पदराशी चाळा करत राहिली. सोनाबाईनं पिंपात हात घालून पाणी ढवळलं.

"मी या घरात आले तवा कुनी तांब्याभर गोडं पानी ओतलं न्हाय," ती म्हणाली. मग विळी पायानं सरकवून उठली. "निकेश, याला मागच्या परड्यातल्या विहिरीत सोड. पोरीचा सोबती हाय."

माझा सदरा गेला आणि ज्याच्यासाठी आलो तो रस्साही गेला. वरण-भात जेवलो. डोळे भरून आले, ते मी लोणच्याच्या तिखटावर ढकललं.