उत्तनच्या काकू

"बसा आधी. उभ्यानं फक्त भांडण होतं," असं म्हणत आमच्या शेजारच्या काकू कुठेही जमिनीवर मांडी ठोकायच्या. साडी चांगली असो वा नसो.

मीरा रोडला आमच्या पूनम सागर वसाहतीत त्या मुंबईहून राहायला आल्या होत्या. आयुष्यभर कचेरीत टायपिंग केलेलं. निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांची औषधं शोधतात, काकूंनी समुद्रकाठच्या उत्तन गावची बस शोधली. तिथल्या कोळणींना महिला मंडळ काढायचं होतं, असं त्यांना मासळी घेताना कळलं, एवढंच निमित्त. रविवारी मलाही ओढून न्यायच्या.

पहिल्या दिवशी एका कोळणीनं संशयानं विचारलं, "तुमी कुठल्या पार्टीच्या?"

"पूनम सागरच्या," काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या आणि चहा आला.

तुम्हाला वाटेल, काकूंनी भराभर अर्ज लिहून दिले असतील. छे! सातवी शिकलेल्या एकीच्या हातात पेन द्यायच्या. "तुमचं मंडळ, तुमचं अक्षर." एका अर्जाला तीन रविवार लागले. मी वैतागले, तर म्हणाल्या, "मी एका तासात लिहीन गं. पण मग दुसरा अर्जही मलाच लिहावा लागेल."

अर्ज होता एका बंद सरकारी खोलीसाठी. बायका मासळी वाळवायच्या तेव्हा लहान मुलं शेजारीच उन्हात खेळत असायची. दोघं-तिघं तापानं फणफणली होती. खोली मिळाली तर तिथे बालवाडी करायची होती.

सरकारी कचेरीतल्या साहेबांची भेट ठरली. काकूच बोलणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

"खोली कशाला हवी?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. आवाज बसलाय! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मग मंडळाची अध्यक्ष उभी राहिली. चारचौघांत ती कधी तोंड उघडत नसे. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून म्हणाली, "साहेब, आमची पोरं नि बोंबील एकाच उन्हात वालतात. बोंबील इकायचे हायत, पोरं न्हाय!"

साहेब आधी हसले, मग त्यांनी अर्ज पुढे ओढला. दोन महिन्यांत खोलीची चावी मिळाली.

भेटीच्या दिवशी परतताना बसमध्ये काकू खणखणीत ओरडल्या, "भैया, पूनम सागर रोकना!"

"काकू, घसा?"

"सुटला. तिचा सुटला, तसा माझाही."

पुढे काही वर्षांनी काकू मुलीकडे नाशिकला कायमच्या निघाल्या. सकाळीच उत्तनहून सहाजणी आल्या. अध्यक्षबाई टेम्पोवाल्याला हिंदीत दरडावत होती, "कपाट आडवा मत डालो!" काकूंनी पिशवी उचलली, तर तीही काढून घेतली. "बाय, तू हो बाजूला."

काकू बाजूला झाल्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पो वळला, काकू दिसेनाशा झाल्या. मला रडू आवरेना. अध्यक्षबाईचेही डोळे भरले होते, पण ती नाक पुसत म्हणाली, "रडायला टाइम न्हाय. पलीकडच्या पाड्यातल्या बायांनी आपल्याला बोलावलंय. त्यांना मंडल काढायचा हाय."

'आपल्याला' म्हणताना तिनं माझा हात धरला होता.