रतनमामांचं पाचवं शील

रतनमामा दारूनं न्हाई गेले. हार्ट अटॅक होता.

सकाळपासून कमेंट वाचून राह्यलो. "शेवटी बाटलीनंच नेलं तात्याला." म्हणून मी हे लिहितोय.

आमच्या यूट्यूबवरच्या कॉमेडी सिरीजमधला बेवडा खंबा तात्या म्हणजे हसनाबादचे आमचे रतनमामा. कॅमेरा माझ्याकडं असायचा.

त्या बाटलीत काळा चहा असायचा. तोही बिनसाखरेचा, मामांना शुगर होती.

एकदा घनसावंगीला शूटिंगला गेल्तो. काय ऊस होता राव तिकडं! मी तर नंतर तिथंच रमलो, दोस्ताच्या शेतावर… ते जाऊ द्या.

तर तिथल्या जीपवाल्यानं मामांच्या खिशात क्वार्टरच कोंबली. "घ्या तात्या, आपल्याकडून."

मामांनी ती परत केली. "बाबा, मी विहारात शील देतो रे."

अख्खी जीप पोट धरून हसली. त्यांना वाटलं, डायलॉग हाय.

खरंच द्यायचे. लग्न असो, मयत असो, मामा पुढं उभे राहून पंचशील म्हणायचे, बाकीचे त्यांच्या मागून. त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं.

सिरीज चालली अन् तिथंच घोळ झाला. मामा पाचव्याला आले की मंडपात खुसखुस. हळूहळू लोक दुसऱ्याला बोलवायला लागले.

मामा एकदाच म्हणाले, "तुमचा तात्या लई मोठा झाला रे. मला बसायलाबी जागा न्हाई ठेवली त्यानं."

मंग त्यांच्या लेकीचं, सुजाताचं लग्न ठरलं. बदनापूरचे व्याही म्हणाले, "शील द्यायला आमच्याकडचे बौद्धाचार्य आणतो. पाहुण्यांत हसू नको."

मामा हो म्हणाले.

सुजाता म्हणाली, "पप्पा शील देणार असतील तरच मी मंडपात येते."

मामा उभे राहिले. पाचव्या शीलाला मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, खरं बोला!"

मंडप फुटला.

मामाही हसले. मनापासून. मंग हात जोडून थांबले. शेवटचा माणूस गप होईपर्यंत थांबले.

अन् पाचवं शील म्हणाले. सगळ्यांनी मागून म्हटलं. मी कॅमेरा खाली ठेवला, मलाबी हात जोडायचे होते.

आज स्मशानात शील कोण देणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते.

सुजाता पुढं आली.

चार शीलं झाली. पाचव्याला तिचा आवाज बसला.

कुणी काही ठरवलं न्हाई. पण मागून सगळ्यांनीच म्हणायला सुरुवात केली. जोरात. पार शेवटपर्यंत.

मामा, निवांत जा.

आमच्या सगळ्या टीमचा तुम्हाला शेवटचा जय भीम.