स्क्रीनवरचं ऊन

आमच्या धंद्यात एक बरं असतं. कार्ड फुल्ल झालं की जुने फोटो डिलीट करता येतात. किस्से मात्र डिलीट होत नाहीत, साठतच जातात! लग्नसराई संपली की आम्ही जळगावचे चार फोटोग्राफर चहाच्या टपरीवर बसतो, आणि सुरुवात कुठूनही झाली तरी गाडी शेवटी एकाच गोष्टीवर येते. ऊन! भर वैशाखात खान्देशात लग्न, मुहूर्त बाराचा, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतं? घंटा!

मंडळी सांगून ठेवतो. एक मी, दिलीप. दुसरा प्रकाश, याच्या डोक्यात रोज नवी आयडिया. तिसरा पारस, घरचं कापडाचं दुकान सोडून कॅमेरा गळ्यात घातलेला मारवाडी गडी. आणि चौथे नाना, आमचे सगळ्यांचे गुरू. चोपड्याकडच्या खेड्यातले, घरी अजून अहिराणीच. अर्ध्या खान्देशाची लग्नं नानांनी टिपली, पण स्वतःच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा, एक फोटो त्यांच्याकडे नाही. अक्का काढूच देत नाहीत! त्यांच्या माहेरी फोटो फक्त गेलेल्या माणसाचा काढतात म्हणे, हार घालायला. नाना दर वर्षी विचारणार, अक्का दर वर्षी पदर ओढून चुलीकडे जाणार.

*

आपल्याकडे एक रीत आहे. ग्रुप फोटो काढला की माणूस जागचा हलत नाही. "दाखव!" म्हणतो. स्वतःला बघितल्याशिवाय पंगतीला बसणार नाही!

नशिराबादला असंच एक लग्न. नवरदेवाच्या मामांनी सगळं खानदान उभं केलं. फोटो झाला. मामा आले, कॅमेरा हिसकावला आणि उन्हात स्क्रीनवर वाकले. स्क्रीन काळीकुट्ट, तिच्यात मामांचं स्वतःचंच तोंड. मिशीवरून हात फिरवला, फेटा नीट केला आणि खूश होऊन म्हणाले, "एक नंबर आलाय! पण बाकीचे कुठं गेले रे? माझा एकट्याचाच काढला का?"

*

उन्हाकडे पाठ केली की आपली सावली स्क्रीनवर पडते, हे कोणालाही कळतं. पण मग आपलाच पांढरा शर्ट तिच्यात चमकतो! म्हणून मी काळा शर्ट शिवून घेतला. काय झकास दिसायला लागलं! आणि पहिल्याच लग्नात नवरीच्या आत्याबाईंनी मला धरलं.

"शुभकार्यात काळं? निघ बाहेर!"

मी त्यांना ऊन, सावली, रिफ्लेक्शन सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आहेराच्या ढिगातून एक पिवळाजर्द झब्बा काढला आणि माझ्या अंगात घातला. त्या दिवशी स्क्रीनवर नवरा पिवळा, नवरी पिवळी, भटजीही पिवळे. पारस बघून म्हणाला, "हळद लागली वाटतं सगळ्यांना!"

*

प्रकाशने मिठाईचा खोका कापला, आतून काळा कागद लावला आणि टेपने स्क्रीनभोवती चिकटवला. डोळा लावला की आत मस्त अंधार, फोटो लख्ख! आम्ही थक्क. बाजारात स्क्रीन झाकायचं हूड मिळतं ते काय करेल असं काम! प्रकाशची कॉलर ताठ.

फक्त खोका पेढ्यांचा होता आणि गड्याने तो पुसला नव्हता. सप्तपदीपर्यंत मुंग्या आल्या. तिसऱ्या पावलाला त्या प्रकाशच्या भुवईत होत्या. पण पठ्ठ्याने डोळा काढला नाही! सातही पावलं टिपली, एकही फोटो हलला नाही. मी हसतोय खरा, पण त्या दिवशी मनातून हात जोडले होते त्याला.

*

पारसचा उपाय सोपा. ब्राइटनेस फुल्ल! स्क्रीन दिसते, पण बॅटरी खाते. धुळ्याच्या एका लग्नात नेमकी मंगलाष्टकं संपता संपता बॅटरी गेली. दुसरी बॅटरी गाडीत, गाडी गेटबाहेर आणि अंतरपाट खाली येतोय!

आता थांबलो तर मार खाऊ, हे पारसने ओळखलं. बंद कॅमेरा डोळ्याला लावला आणि सुरू झाला. वाकतोय काय, खुर्चीवर चढतोय काय, "काका, जरा हसा" म्हणतोय काय! लोक पोज देतायत. तेवढ्यात मी मागच्या बाजूने हार घालताना फोटो काढून घेतले, म्हणून वाचला.

नवरीचे वडील निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोटो तुमचेही चांगले असतील. पण मेहनत त्या पोराने घेतली!"

*

नानांना असलं काही लागायचं नाही. त्यांच्याकडे वडिलांच्या स्टॅन्ड कॅमेऱ्याचं काळं कापड होतं. डिजिटल कॅमेरा आला तरी कापड तेच. भर उन्हात डोक्यावरून ओढून आत शिरायचे. आम्ही म्हणायचो, "नाना, भट्टी लागेल!" आतून आवाज यायचा, "आठे गार शे रे!"

चाळीसगावच्या लग्नात डीजे चालू, पोरं नाचतायत, कोणी कोणाचं ऐकत नाही. ग्रुप फोटो जमेना. नानांनी कापड ओढलं. समोर खुर्चीवर एक म्हातारे आबा जिलबी खात होते. त्यांनी ते कापड बघितलं आणि घास तोंडात तसाच ठेवून ताठ बसले. मान सरळ, हात गुडघ्यांवर, श्वास रोखलेला. त्यांना बघून शेजारच्या आजीबाई ताठ झाल्या. मग मधली रांग. मग काय झालं म्हणून बघायला थांबलेली पोरं. शेवटी डीजेवाल्यानेही बंद केलं!

सगळा मांडव गप्प. झालर हलत होती, तेवढीच. खोटं नाही सांगत, एवढा मान आमच्यापैकी कोणाच्याच कॅमेऱ्याला कधी मिळाला नाही.

नाना कापडातून बाहेर आले, सगळ्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सोडा आता श्वास!"

*

मग नाना सावलीतही कापड घ्यायला लागले. हॉलमध्ये, एसीत! प्रकाशने टपरीवर छेडलं, "नाना, इथं कुठं ऊन लागतंय तुम्हाला?"

नानांनी कप खाली ठेवला. "काचबिंदू आहे रे. गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर, राहिलंय ते सांभाळा. अंधारात स्क्रीन जवळ धरली तर अजून दिसतं मला."

नानाच पुढे म्हणाले, "एक अक्काचा फोटो बघायचा राहिला. तेवढा बघून घेतला की मग काय, दिवस नि रात्र सारखीच."

मला रडूच आलं. प्रकाश उगाचच चहावाल्यावर खेकसला.

*

गेल्या वैशाखात नानांच्याच केळीच्या बागेत एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट होतं, आम्ही चौघंही होतो. सकाळपासून उन्हात, माझ्याही कॅमेऱ्याचा ब्राइटनेस फुल्ल. दुपारी जोडपं कपडे बदलायला घरात गेलं आणि अक्का भाकरी घेऊन बांधावर आल्या. भाकरी खाली ठेवली, पण परत गेल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि केळीला टेकून उभ्या राहिल्या.

"काढी ल्या आते," नानांकडे न बघता म्हणाल्या. "पण भिंतवर लावाना नही."

नानांनी माझ्याकडे हात केला. मी माझा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांचा कॅमेरा नि काळं कापड घरी राहिलं होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ लावून ठेवला, अक्का हलल्या नाहीत. मग नाना स्क्रीनवर वाकले. ऊन असं की मला लांबून तिच्यात नुसतं आभाळ दिसत होतं. नाना स्क्रीन फिरवतायत, हाताची ओंजळ करतायत, तोंड एवढंसं झालेलं.

अक्का सरळ चालत आल्या. आम्हा पोरांसमोर कधी डोक्यावरून खाली न आलेला पदर त्यांनी सोडला आणि नानांच्या डोक्यावरून, कॅमेऱ्यावरून, स्वतःवरून ओढून घेतला. भर दुपारी बांधावर, एका निळ्या लुगड्याखाली दोन डोकी!

आम्ही तिघांनी माना फिरवल्या. पारसने टोपी काढली.

बऱ्याच वेळाने आतून अक्कांचा आवाज आला.

"दिसनू का मी?"

"बठ्ठी दिसनी वं, आख्खी," नाना म्हणाले. "बठ्ठी."

दोघं बाहेर आले. नानांचे गाल ओले, पण असे हसत होते की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि दोघं भाकरीकडे गेले.

मी बघायला बटण दाबलं. पुन्हा दाबलं, स्क्रीन काळीच. मग खिशातली दुसरी बॅटरी घातली. कार्डावर शेवटचा फोटो त्या जोडप्याचा होता.