दुसरं गाढव

रूबेन सर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. "ये, आत ये. बस, टेक जरा." चहा देताना, "गरम आहे, अजून निवला नाही." जुईनगरच्या आमच्या सोसायटीतली पोरं त्यांची नक्कल करत. सर कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. शाळेतून निवृत्त झालेले. हिब्रू प्रार्थना लहानपणापासून पाठ. त्या प्रार्थनांच्या काव्यात एकच गोष्ट लागोपाठच्या दोन ओळींत येते. ती सवय त्यांच्या जिभेला लागली होती.

मी ख्रिस्ती. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी न विचारता सांगतो. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सर दर बुधवारी जुनं हिब्रू काव्य शिकवत आणि येशूच्या चरित्रात ते कुठे कुठे डोकावतं ते दाखवत. बायको वारल्यापासून त्यांना या बुधवारखेरीज कुठे जायचं नसे.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक माझ्याकडे होती. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, त्या दिवसाची. चर्चच्या पंचकमिटीचे भास्करकाका म्हणाले, "गाढवं दोन पायजेत. शुभवर्तमानात दोन आहेत." मला तळोज्याकडून कसंबसं एक मिळालं होतं. मी बुधवारी वर्गातच सरांना विचारलं.

"गाढव एकच, दुसरं नाही," सर म्हणाले. "जुना कवी एका ओळीत सांगतो, राजा गाढवावर बसून येतोय. पुढच्या ओळीत सांगतो, शिंगरावर बसून. जनावर तेच. चौघांनी शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र लिहिलं, त्यातल्या तिघांनी एकच आणलंय. एकाने त्या दोन ओळींची दोन धरली."

"म्हणजे तो चुकला!" मी खूश.

"चुकला म्हणू नकोस, हसू नकोस. कविता त्याला इतकी प्यारी, की तिचा एक शब्दही त्याने वाया जाऊ दिला नाही."

मागे बसलेले भास्करकाका उठले. "ओ सर, आमच्याच हॉलमध्ये बसून आमचं शास्त्र तपासताय? बास झाला हा वर्ग."

चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना अडवलं नाही. वर्ग बंद झाला.

जिन्यात मी सरांना म्हटलं, "काकांना सांगून टाका ना, दोन होती म्हणून. टेन्शन संपेल."

"बुधवार गेला रे, आठवडा रिकामा झाला," सर म्हणाले. "पण दोन म्हणणार नाही, खोटं बोलणार नाही."

रविवारी काकांनी कुठूनसं एक शिंगरू आणलं. येशू झालेला पोरगा मोठ्या गाढवावरून पुढे निघाला, पण शिंगरू स्टेशनरोडवर हॉर्नला बिचकून थिजलं. काका दोर ओढत होते, मागे बस खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "काका, तुमी बसा त्याच्यावर, मग चालेल!"

सोसायटीच्या गेटातून सर आले. दोर काकांच्या हातातून घेतला, शिंगराची मान थोपटत राहिले. ते हळूहळू चालायला लागलं. मिरवणुकीच्या शेवटी एक यहुदी, एक शिंगरू आणि घामाघूम भास्करकाका.

"तुमच्या मते हे नव्हतंच ना?" काका म्हणाले.

"नव्हतं. पण तुम्ही आणलंय. मग रस्त्यात कसं सोडायचं, बसखाली कसं जाऊ द्यायचं?"

पुढच्या बुधवारी हॉल उघडा होता. काका पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. "शिकवा," म्हणाले, "पण मी भांडणार." सर असेपर्यंत ते भांडले. एकही बुधवार चुकवला नाही.

सरांच्या दफनाहून परतताना काका आणि मी एकाच रिक्षात होतो. काका म्हणाले, "दोनच होती."

सरांचे मुद्दे मला पाठ होते. जुईनगर येईपर्यंत मी वाद घातला. कुणीतरी घालायला हवा होता.